कुत्र्याचे केस कापणे : हलके काम की हाताचे कसब?

सदर : हाताला काम

कळव्याहून एका भगिनीने या सदरासाठी सविस्तर पत्र पाठवले आहे. त्यांचे पती सुरक्षारक्षक आहेत. त्या स्वतः चार घरी पोळ्या करतात. थोरला मुलगा बारावी झाला आणि दीड वर्ष त्याने मोटारसायकलवरून पार्सले पोचवली. गेले तीन महिने तो ठाण्यात, घोडबंदर रस्त्यावरच्या एका दुकानात ‘डॉग ग्रूमिंग’ शिकतो आहे. म्हणजे पाळीव कुत्र्यांना आंघोळ घालणे, त्यांचे केस विंचरणे, कापणे, नख्या काढणे. मुलगा खूश आहे. पण एका लग्नात नातेवाइकाने चारचौघांत विचारले, “बारावी शिकवलंस ते पोराला कुत्री धुवायला लावायला का?” भगिनी लिहितात, त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

त्यांचे तीन प्रश्न आहेत. या कामात शिकण्यासारखे काही आहे का? त्यात पोट भरेल का? आणि हे काम आपल्या मुलाने करावे का?

हे प्रश्न त्यांच्या एकट्यांचे नाहीत. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर या शहरांत अशी दुकाने निघाली आहेत. काही ठिकाणी गाडीत पाण्याची टाकी आणि टेबल बसवून लोक दारात येतात. त्या टेबलाशी उभी असलेली मुले-मुली बहुतेक कष्टकऱ्यांच्या घरातलीच आहेत. म्हणून आजचा संपूर्ण लेख याच धंद्यावर.

केसांचे तीन प्रकार

शिकण्यासारखे काय, तर पहिला धडा केसांचा. माणसाचे केस आणि कुत्र्याचे केस यांत मोठा फरक आहे. कुत्र्याच्या कातडीत एकाच छिद्रातून केसांचा झुबका बाहेर येतो. त्यात लांब, राठ केस असतो आणि त्याच्याभोवती मऊ लव असते. कातडी मात्र आपल्यापेक्षा पातळ असते. शिवाय कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजाच्या गाद्यांना थोडा येतो. बाकी अंगातली उष्णता तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवतो.

कामाच्या सोयीसाठी केसांचे तीन ढोबळ प्रकार लक्षात ठेवावेत.

पहिला प्रकार आखूड केसांचा. आपले गावठी कुत्रे, दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात शिकारीसाठी व राखणीसाठी सांभाळला जाणारा कारवान, ही या प्रकारातली. यांना कात्री लागत नाही. आठवड्यातून एकदा रबरी ब्रश फिरवला की मेलेले केस निघतात आणि अंगावर तकाकी येते.

दुसरा प्रकार दुहेरी केसांचा. बाहेर राठ केस आणि आत दाट लव. जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, हस्की आणि आपल्या चाळी-वस्त्यांत ज्याला सरसकट पामेरियन म्हणतात तो पांढरा केसाळ कुत्रा, हे सगळे या प्रकारात येतात. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’ चित्रपटातला टफी आठवत असेल, तो याच जातकुळीतला. लॅब्रॅडोरचे केस आखूड दिसतात, पण त्यालाही आत लव असते. म्हणूनच त्याचे केस घरभर पडतात.

तिसरा प्रकार सतत वाढणाऱ्या केसांचा. पूडल, शिह त्झू, माल्टीज ही कुत्री या प्रकारातली. यांचे केस आपल्या डोक्याच्या केसांसारखे वाढतच राहतात. कापले नाहीत तर डोळ्यांवर येतात, मलमूत्राने भिजतात, गुंता होऊन त्यांच्या जटा बनतात. या कुत्र्यांना दर महिना-दीड महिन्याने कात्री लागतेच. ग्रूमरचा धंदा मुख्यतः यांच्यावर चालतो.

हा फरक ज्याला कळला नाही त्याच्या हातून सर्वांत मोठी चूक होते. एप्रिल-मे महिन्यात मालक पामेरियन किंवा हस्की घेऊन येतो आणि म्हणतो, “फार उकडतंय त्याला, सगळे केस काढून टाका.” माणसाचे केस बारीक केले की डोक्याचा घाम वाऱ्याने सुकतो आणि गार वाटते. कुत्र्याला तिथे घामच येत नाही, तर सुकणार काय? उलट बाहेरचे केस ऊन अडवतात. ते गेले की पातळ कातडी उन्हात भाजते. आणि दुहेरी केसांच्या कुत्र्यांत काही वेळा वस्तऱ्यासारखे बारीक कापलेले केस पुन्हा नीट येतच नाहीत. कधी सहा महिने, कधी वर्ष-दीड वर्ष अंगावर चट्टे राहतात. योग्य इलाज असा की दातेरी फणीने आतली मेलेली लव काढून टाकायची. लव निघाली की केसांतून वारा खेळतो आणि बाहेरचे छत्र शाबूत राहते. शस्त्रक्रिया, जखम किंवा न सुटणाऱ्या जटा असतील तर गोष्ट वेगळी. एरवी मालकाला नम्रपणे ‘नको’ म्हणणे हेसुद्धा या कामाचे कसबच आहे.

टेबलावरचा क्रम

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, साबण लावला, पाणी ओतले, झाले. खरे काम क्रमात आहे. हा क्रम चुकला की कुत्र्याला इजा होते.

पाणी लावण्याआधी तपासणी करायची. वय किती, लसी झाल्या का, झटके येतात का, पूर्वी कोणाला चावला आहे का, हे मालकाला विचारायचे. मग हात फिरवून सगळे अंग पाहायचे. कातडीवर लाली, गाठ, जखम, गोचीड, कानात घाण वास, काय असेल ते मालकाला दाखवून वहीत लिहायचे. ही नोंद दोघांच्या हिताची आहे. महिन्या-महिन्याने त्याच अंगावरून हात फिरवणाऱ्या ग्रूमरला नवी गाठ मालकाच्याही आधी लागू शकते. त्याने वेळीच पशुवैद्याकडे पाठवले तर जनावराचा जीव वाचतो.

दुसरे काम विंचरण्याचे, आणि तेही आंघोळीच्या आधी. हा नियम पुष्कळजण मोडतात. गुंता पाण्याने भिजला आणि तसाच वाळला की काथ्याच्या दोरीच्या गाठीसारखा आवळतो. केसांचे थर पाडून, एका हाताने वरचे केस धरून, खालच्या थरापासून ब्रश चालवायचा. आधी बारीक तारांचा स्लिकर ब्रश, नंतर स्टीलचा कंगवा. कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडकता गेला तरच काम झाले समजावे. कानांमागे, काखेत, जांघेत, पट्ट्याखाली आणि शेपटीच्या मुळाशी गुंता हमखास असतो.

गुंत्यात कात्री कधीही घालू नये. जट केस ओढते तशी कातडीही वर ओढून घेते. कात्री मारली की केसांबरोबर कातडी कापली जाते. जट बोटांनी फोडायची, नाहीतर तिच्याखालून मशीन चालवायची. सगळे अंगच जटांनी भरले असेल तर केस बारीक करण्यावाचून इलाज नाही. मालक हळहळेल, पण तासन्‌तास ओढाताण करून जनावराला रडवण्यापेक्षा ते बरे. जीव आधी, रूप नंतर. पावसाळ्यात अशा जटांखाली ओल राहते, जखम होते आणि माशा बसून किडेही पडतात.

मग नख्या. नखीच्या आत जिवंत नस असते. पांढऱ्या नखीत ती गुलाबी दिसते, काळ्या नखीत दिसत नाही. म्हणून थोडे-थोडे टोक काढायचे. नस कापली तर घाबरू नये. रक्त थांबवण्याची पूड मिळते. ती नसेल तर कॉर्नफ्लॉवर दाबून धरावे. पायाच्या आतल्या बाजूला वर असणारी अंगठ्याची नखी जमिनीवर घासत नाही, त्यामुळे ती वळून मांसात घुसते. ती विसरू नये. कानात दिसेल तेवढाच भाग कापसाने पुसायचा, काडी आत घालायची नाही.

आंघोळीला कोमट पाणी. साबण कुत्र्यांसाठीचाच. माणसाची कातडी आम्लधर्मी असते, कुत्र्याची त्या मानाने कमी. त्यामुळे आपला साबण-शाम्पू तिला कोरडे करतो. मानेपासून मागे जायचे आणि डोके शेवटी. साबण लावण्यापेक्षा तो धुऊन काढण्याला जास्त वेळ द्यायचा. निथळणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हात थांबवायचा नाही. राहिलेला फेस खाज आणतो आणि मालक म्हणतो, “दुकानात नेल्यापासून खाजवतोय.”

वाळवताना आधी टॉवेलने दाबून पाणी टिपायचे. मग ब्लोअर, तोही कमी जोरावर, पाठीकडून सुरुवात करून, तोंडावर झोत न मारता. दुहेरी केसांत वरून कोरडे आणि आत ओले राहते. कोकणपट्टीच्या दमट हवेत त्या ओलीने वास येतो आणि कातडी लाल होऊन चिघळते. पिंजऱ्यात कोंडून गरम हवा सोडणे हा प्रकार कधीही करू नये. अशाने कुत्री उष्माघाताने दगावतात. पग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना श्वासाचा त्रास आधीच असतो. जीभ निळसर झाली, धाप थांबेना, की सगळे काम सोडून वारा घालायचा, अंगावर साधे पाणी मारायचे आणि डॉक्टर गाठायचा.

सर्वांत शेवटी कापणी. मशीनच्या पात्यांना नंबर असतात आणि नंबर जितका मोठा तितके केस आखूड. दहा नंबरचे पाते केस सुमारे दीड मिलिमीटर ठेवते, सात नंबरचे सुमारे तीन, चार नंबरचे साडेनऊच्या आसपास. केसांच्या उलट दिशेने चालवले तर याहून बारीक निघतात. पाते चालता-चालता तापते. दर काही मिनिटांनी ते आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावे. आपल्याला चटका बसला तर त्याला बसणारच. फरक इतकाच, की त्याला सांगता येत नाही.

आणि एक नियम दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवावा असा. टेबलावर गळ्यात फास अडकवलेला कुत्रा सोडून क्षणभरही दूर जायचे नाही. फोन वाजला तर वाजू द्यावा. कुत्र्याने उडी मारली की तो त्याच फासाला लटकतो.

आता भगिनींनीच सांगावे, यात शिकण्यासारखे काही आहे की नाही?

आधी स्वतःला सांभाळा

कुत्रा चावणे हा या धंद्यातला उघड धोका आहे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण वेळेवर लस घेतली तर हा रोग पूर्णपणे टाळता येतो. म्हणून या कामाला लागण्याआधीच रेबीजची प्रतिबंधक लस घ्यावी. मालकाने तिचा खर्च द्यावा, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्यावे. चावा बसला, ओरखडा उठला किंवा जखमेवर लाळ लागली, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात जावे. हळद, तिखट, चुना यांतले काही लावू नये. आधी लस घेतलेली असली तरी चावल्यानंतर डॉक्टरांना दाखवावेच.

कुत्रा चावण्याआधी सांगत असतो. अंग ताठ करणे, ओठ चाटणे, तोंड फिरवणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, मग गुरगुरणे. गुरगुरणाऱ्याला मारू नये. मार खाऊन तो गुरगुरणे सोडतो आणि न सांगता चावतो. गरज पडली तर जाळीची मुसकी घालावी, जिच्यातून त्याला धापा टाकता येतील. तरीही जमत नसेल तर काम थांबवावे. काही ठिकाणी कुत्रा शांत राहावा म्हणून गुंगीचे औषध देतात. असे करायला मुलाने साफ नकार द्यावा. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ प्रमाणे जनावरावर औषधोपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्याचा आहे. काही बरे-वाईट झाले तर ज्याच्या हातात सुई होती त्याच्यावरच येईल.

खरूज आणि गजकर्ण कुत्र्यापासून माणसाला होऊ शकते. गोल टक्कल, पापुद्रे किंवा फार खाज असलेल्या कुत्र्याला आधी डॉक्टरकडे पाठवावे. कामाचे कपडे वेगळे ठेवावेत आणि घरी लेकराला उचलण्याआधी हातपाय धुवावेत. उडणाऱ्या केसांसाठी तोंडाला मास्क, ब्लोअरच्या आवाजासाठी कानात बोळे, ओल्या फरशीवर विजेची यंत्रे म्हणून पायात रबरी चप्पल, आणि पाठ वाकू नये एवढे उंच टेबल हवे. ही चैन नव्हे. पंचविशीतला मुलगा पन्नाशीपर्यंत काम करू शकेल की नाही, ते यावर ठरते.

पोट भरेल का?

भरेल, पण एका अटीवर. या दुकानांत दोन पायऱ्या असतात. खालच्या पायरीवरचा मुलगा कुत्री धुतो, वाळवतो, फरशी पुसतो. वरच्या पायरीवरचा कात्री चालवतो. खालच्याला दुकानदार कधीही बदलू शकतो. वरचा निघून गेला तर त्याच्यामागे गिऱ्हाईकही जाते, म्हणून त्याला विचारून काम होते. खूप मुले वर्षानुवर्षे खालच्याच पायरीवर राहतात, कारण त्यांच्या हाती कात्री कोणी देत नाही.

मोठ्या शहरात केसाळ कुत्र्याच्या पूर्ण ग्रूमिंगला हजार-दीड हजार रुपये, कधी त्याहून अधिक घेतात. एका कुत्र्याला दोन ते तीन तास लागतात. समजा एका कारागिराने दिवसाला तीन कुत्री केली आणि प्रत्येकी हजार रुपये धरले, तर दुकानात तीन हजार आले. त्यातून भाडे, वीज, पाणी, सामान वजा करा आणि कारागिराच्या हाती किती पडते ते पाहा. हा हिशेब मुलाने कागदावर मांडावा. मालकाशी भांडण्यासाठी नव्हे, तर आपल्या हाताची किंमत आपल्याला ठाऊक असावी म्हणून.

नोकरी धरताना चार गोष्टी विचाराव्यात. पगार किती आणि कोणत्या तारखेला? आठवड्याची सुट्टी आहे का? काम करताना इजा झाली तर खर्च कोणाचा? आणि कात्री कधी शिकवणार? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. चार-सहा महिन्यांत त्याचे उत्तर मिळाले नाही तर दुसरे दुकान पाहावे.

ग्रूमर होण्यासाठी डॉक्टर-वकिलांसारखी नोंदणी सक्तीची नाही. खासगी वर्ग पुष्कळ आहेत आणि त्यांची फीही भरमसाट आहे. कर्ज काढून फी भरण्याआधी तिथे स्वतः जाऊन पाहावे. शिकणाऱ्याच्या हाती किती जिवंत कुत्री येतात, की नुसते भाषण व प्रमाणपत्र, एवढे विचारावे. प्रमाणपत्राने दार उघडते, पण आत टिकवतो तो हातच. मुलाने प्रत्येक कामाचा आधीचा व नंतरचा फोटो मालकाच्या परवानगीने काढून ठेवावा. तेच पुढे त्याचे खरे प्रमाणपत्र ठरेल. पहिल्या बचतीतून चांगली कात्री, स्टीलचा कंगवा आणि स्लिकर ब्रश स्वतःचे घ्यावेत. मशीन नंतर. ज्याची हत्यारे स्वतःची, त्याला घरोघरी जाऊनही काम करता येते. मुलींनीही हा मार्ग धरायला हरकत नाही, मात्र अनोळखी घरी पहिल्यांदा एकटीने जाऊ नये.

हे काम आपण करावे का?

आता नातेवाइकांच्या बोलण्याकडे येऊ. त्यांना नुसते अडाणी म्हणून चालणार नाही. त्यांच्या बोलण्यामागे एक जुनी जखम आहे. आपल्या वाडवडिलांच्या माथी गावाने मेलेली गुरे ओढण्याचे काम मारले होते. ते काम जन्माने मिळत होते, त्याचा दर गाव ठरवत होता आणि नाही म्हणण्याची सोय नव्हती. ते काम टाकण्यात स्वाभिमान होता. ज्यांनी तो काळ भोगला किंवा आईबापांकडून ऐकला, त्यांना जनावराच्या कामात हात घातलेला पाहून धस्स होते, हे समजण्यासारखे आहे.

पण काम हलके की भारी, हे हात कशाला लागतात यावरून ठरत नाही. डॉक्टरचे हात काय रोज फुलांना लागतात? काम गुलामीचे की कसबाचे, हे ओळखायला तीन प्रश्न पुरेत. ते मी निवडले का? त्याचा दर ठरवण्यात माझा शब्द चालतो का? आणि मला नको असेल तेव्हा ते सोडता येते का? तिन्ही उत्तरे ‘हो’ असतील तर काम स्वाभिमानाचे आहे. एकही ‘नाही’ असेल, तर ते वातानुकूलित कचेरीतले असले तरी विचार करावा.

हा धंदा काही आजचा नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठी आणि पुलांवर कुत्र्यांचे केस कापणारे स्त्री-पुरुष बसत. ती गरीब माणसे होती. हाताशी कात्री आणि बसायला पेटी, एवढेच त्यांचे दुकान. त्यांच्यासारख्यांच्या हातांतून या कामाचे आजचे कौशल्य तयार झाले. आज ते काचेच्या दुकानात गेले म्हणून त्याला इंग्रजी नाव मिळाले, पण पाया कष्टकऱ्यांनीच घातलेला आहे.

तरी एक गोष्ट मुलाच्या कानी घालावी. घरोघरी जाताना काही इमारतींत कामगारांना वेगळी लिफ्ट दाखवतात, काही घरांत पाणी विचारत नाहीत. तिथे वाद घालण्यात दिवस दवडू नये, पण आपली वागणूकही लाचार ठेवू नये. काम आधी ठरवलेल्या दरात, ठरवलेल्या वेळेत आणि नाव घेऊन बोलणाऱ्या गिऱ्हाइकाचेच करावे. ‘ए कुत्रेवाला’ अशी हाक मारणाऱ्याला एकदा आपले नाव सांगावे. दुसऱ्यांदाही तीच हाक आली तर पुढची तारीख देऊ नये.

घरी कुत्रा असणाऱ्यांसाठी

आपल्या वस्तीतही घरोघरी कुत्री आहेत. दुकानाचा खर्च परवडत नाही म्हणून त्यांची आबाळ होऊ नये. रबरी ब्रश किंवा स्टीलचा कंगवा यापलीकडे घरी फारसे काही लागत नाही. आखूड केस असतील तर आठवड्यातून एकदा, लांब असतील तर रोज दहा मिनिटे विंचरावे. पिल्लू लहान असतानाच पंजे, कान, तोंड यांना हात लावू देण्याची सवय करावी. तीन-चार आठवड्यांतून एकदा आंघोळ पुरते. रोज साबण लावणे हानिकारक.

गोचिडांकडे विशेष लक्ष द्यावे. कुत्र्यावरचे तपकिरी गोचीड रक्त पिऊन खाली पडते आणि भिंतीच्या फटीत जाऊन अंडी घालते. एकेक मादी हजारो अंडी घालते. म्हणून नुसते अंगावरचे गोचीड वेचून उपयोग नाही. फटी बुजवाव्यात, झोपायचे गोणपाट उन्हात घालावे, आणि चाळीत चार कुत्री असतील तर चौघांवर एकाच वेळी औषध करावे. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावे. रॉकेल ओतू नये, विडीचा चटका देऊ नये, नखाने चिरडू नये. गोचीड मारण्याचे औषध विषारी असते. वजन सांगून डॉक्टरच्या सल्ल्यानेच आणावे, आणि कुत्र्याचे औषध मांजराला लावू नये. कुत्रा खात नाही, अंग तापले आहे, हिरड्या पांढऱ्या पडल्या आहेत किंवा नाकातून रक्त येते आहे, तर तो गोचीडताप असू शकतो. एक दिवसही थांबू नये. मुंबईकरांना परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय ठाऊक आहेच. इतरत्र सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. तीन महिन्यांच्या पिल्लाला रेबीजची लस आणि नंतर दरवर्षी, हे चुकवू नये. ती लस कुत्र्याइतकीच आपल्या लेकरांसाठी आहे.

कळव्याच्या भगिनींना एवढेच सांगणे आहे की मुलाला काम सोडायला लावू नका. एखाद्या सुट्टीच्या दिवशी, मालकाची परवानगी असेल तर, त्या नातेवाइकांनाच दुकानात घेऊन जा. जटांनी कातडी ओढली गेलेला, अंगाला हात लावू न देणारा एखादा कुत्रा टेबलावर चढतो आणि अडीच तासांनी हलका होऊन शेपूट हलवत उतरतो, ते त्यांनी उभे राहून पाहावे. आणि मुलाला मात्र रोज रात्री जेवताना एकच प्रश्न विचारा, “आज कात्री हातात घेतलीस का?”

पुढील अंकी : शिलाई यंत्र दुरुस्ती, कमी भांडवलाचा घरगुती धंदा.